पत्रादेवीला गाडी थोडी थांबवा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या आपल्या पट्ट्यातल्या माणसाला गोवा परका नाही. कुणाची बहीण म्हापशाला दिलेली असते, कुणाचे कुलदैवत फोंडा तालुक्यात असते, कुणाचा मुलगा पणजीला नोकरीला असतो. यातले काहीच नसले, तरी मे महिन्यात पोरांना समुद्र दाखवायला आपण गोव्यालाच जातो. पूर्वी अनमोड घाट हा मोठा रस्ता होता. आता बहुतेक गाड्या जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरतात. आंबोलीचा रस्ता मात्र धबधबा बघण्यापुरता उरला आहे. सावंतवाडीच्या पुढे त्या वाटेने गोव्यात शिरणारे आपल्याकडे थोडेच.

यंदा पावसाळा संपल्यावर आम्ही मुद्दाम त्या वाटेने गेलो. मी, सौ., सून आणि बंगळूरला सहावीत शिकणारा नातू. आंबोली उतरलो, सावंतवाडीला मोती तलावाकाठी चहा घेतला आणि बांद्याकडे निघालो. बांदा मागे पडले, की थोड्याच वेळात गोव्याची हद्द येते. त्या जागेचे नाव पत्रादेवी. तालुका पेडणे, उत्तर गोव्याचे अगदी वरचे टोक.

पत्रादेवीला गाड्या थांबत नाहीत असे नाही, खूप थांबतात. हद्द ओलांडली, की पेट्रोल स्वस्त मिळते म्हणून टाकी भरायला थांबतात. दुसऱ्या एका कारणासाठीही थांबतात, ते सांगायला नको. नाक्यावर कागद दाखवायला ट्रक उभे असतात. पूर्वीचा एनएच १७ आता एनएच ६६ झाला आहे आणि इथून म्हापशाकडे रस्ता चांगला रुंद झाला आहे. २०२३च्या जानेवारीपासून मोपाच्या मनोहर विमानतळावरून विमाने उडू लागली, तेव्हापासून या बाजूची वर्दळ आणखी वाढली. या सगळ्या गडबडीत, त्याच रस्त्याला लागून, हुतात्मा स्मारक आहे. त्यासाठी मुद्दाम थांबणारी गाडी क्वचितच दिसते. आम्ही होतो तेवढ्या वेळात एकही थांबली नाही.

या वाटेने कोण आले होते?

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण गोव्यावर पोर्तुगालचे राज्य तसेच राहिले. त्याआधीच १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडून नव्या लढ्याला तोंड फोडले होते. पुढे १९५४ साली पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. काँग्रेसवाले, समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघाचे अशी एरवी एकमेकांचे तोंड न बघणारी माणसे या एका कामासाठी एकत्र बसली. ठरले असे, की हातात शस्त्र न घेता, तिरंगा घेऊन, तुकड्या-तुकड्यांनी गोव्यात शिरायचे. पोलीस मारतील, तुरुंगात टाकतील. तरी हात उचलायचा नाही.

पहिली मोठी तुकडी १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे यांच्या नेतृत्वाखाली गेली. तिच्यात पंचाहत्तरीला आलेले सेनापती बापटही होते. पुढच्या महिन्यात जगन्नाथराव जोशी गेले. आपल्या वाचकांना हे नाव ओळखीचे असेल. ते नरगुंदचे. कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत सभा जिंकणारा वक्ता म्हणून धारवाड-हुबळी भागातल्या जुन्या पिढीला ते अजून आठवतात. नंतर मधू लिमये गेले, बंगालचे त्रिदिब चौधरी गेले. प्रत्येक तुकडीला बेदम मार पडला आणि पुढाऱ्यांना लांबलचक शिक्षा झाल्या.

मग आला १५ ऑगस्ट १९५५. त्या एका दिवशी देशभरातून आलेले तीन हजारांहून अधिक सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी गोव्यात शिरले. कोणी कॅसलरॉककडून रेल्वेच्या रुळावरून, कोणी तेरेखोलकडून, कोणी बांद्याहून पत्रादेवीला. पोर्तुगीज पोलिसांनी या वेळी काठीवर भागवले नाही. त्यांनी गोळ्या झाडल्या. सगळ्या ठिकाणचे मिळून वीसहून अधिक लोक त्या दिवशी मेले, जखमी झालेल्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट.

पत्रादेवीला पडलेल्यांत एक होता कर्नैलसिंग बेनिपाल. पंजाबात लुधियाना जिल्ह्यात, खन्ना शहराजवळ इसडू नावाचे गाव आहे, तिथला. वय जेमतेम पंचविशीचे, पेशाने शिक्षक. लग्नाला काही महिनेच झाले होते. त्याने गोवा कधी पाहिला नव्हता, त्याला मराठी येत नव्हते, कोकणी तर नाहीच. पंजाबातून रेल्वेने पुण्याला आला, तिथून सत्याग्रहींबरोबर कोकणात उतरला. पुढच्या रांगेतली माणसे गोळी लागून पडताना पाहून तो मागून धावत पुढे आला आणि त्याने गोळी छातीवर घेतली, असे त्याच्याबरोबरचे लोक सांगत. पुण्याचे कम्युनिस्ट पुढारी विष्णुपंत चितळे हे त्या दिवशी जखमी झालेल्यांपैकी. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदराबाई राय यांनाही याच सत्याग्रहात हातातला झेंडा सोडला नाही म्हणून गोळ्या लागल्या. त्या वाचल्या आणि १९५७ साली लोकसभेवर निवडून गेल्या.

इसडू गावात दरवर्षी १५ ऑगस्टला कर्नैलसिंगच्या नावाने मोठा मेळावा भरतो. पंजाबातले झाडून सगळे पक्ष तिथे येतात. पंजाबात त्याचे नाव पोरासोरांना ठाऊक आहे. तो जिथे पडला, त्या वाटेने वर्षातून दोनदा जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

"अज्जा, इल्लि युद्ध आगित्ता?"

आम्ही गाडी बाजूला घेतली. सून म्हणाली, "मामा, पाच मिनिटे ना?" मी म्हटले, "पाचच." चपला काढून आत गेलो. मागे हमरस्त्यावर हॉर्न वाजतच होते.

नातू इकडे तिकडे बघत होता. बंगळूरला राहून त्याची भाषा कन्नडच झाली आहे. घरात मराठी बोलतो, पण प्रश्न मनापासून पडला, की कन्नडमध्ये विचारतो. त्याने विचारले, "अज्जा, इल्लि युद्ध आगित्ता?" म्हणजे, इथे युद्ध झाले होते का?

मी म्हटले, "नाही रे. युद्ध व्हायला दोन्ही बाजूंना बंदुका लागतात. इथे एकाच बाजूला होत्या."

"मग हे का आले?"

या प्रश्नाला मी उत्तर देण्याआधी सौ. बोलली. तिचे माहेर धारवाडचे. तिने त्याला कन्नडमध्येच सांगितले, की हे सैनिक नव्हते, मास्तर होते, शेतकरी होते, गिरणीत काम करणारे होते. दुसऱ्याच्या घराला कुलूप लावून कुणी बसला होता, ते उघडायला आले होते. "इवरु हुतात्मरु," ती म्हणाली.

हुतात्मा हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे. भाषांतर करावे लागत नाही. आपल्या सीमाभागात मात्र तो उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या मनात आधी १७ जानेवारी १९५६ उभा राहतो. बेळगावच्या हुतात्मा चौकाला पुष्पहार वाहिले जातात तो दिवस. पत्रादेवीच्या गोळीबारानंतर जेमतेम पाच महिन्यांनी तो आला. त्या वादाविषयी ज्याच्या-त्याच्या घरात ज्याचे-त्याचे मत आहे, आमच्या घरात तर एकाच ताटाला दोन आहेत. ते इथे काढण्याचे कारण नाही. मला एवढेच वाटले, की पत्रादेवी ही अशी जागा आहे, जिथे आम्हा नवरा-बायकोला हा शब्द एकाच अर्थाने वापरता येतो. इथे मेलेल्यांत पंजाबी होते, मराठी होते, हिंदी मुलखातले होते. कोण कुठल्या भाषेचा, हे त्यांनी आपसांत विचारले असेल ते फक्त जेवताना.

पाच मिनिटांची वीस झाली. सुनेने घड्याळाकडे पाहिले नाही.

नाव आणि आकडा

इंग्लंडमध्ये जाऊन आलेले लोक सांगतात, की तिथल्या लहानशा गावातही चर्चजवळ किंवा बाजाराच्या चौकात एक युद्धस्मारक असते. भोवती छोटी बाग, बसायला बाक, ऋतूप्रमाणे फुले. पहिल्या महायुद्धात गावातले जे गेले त्यांची नावे दगडावर असतात, खाली दुसऱ्या महायुद्धातली. ११ नोव्हेंबरला अकरा वाजता दोन मिनिटे सगळे गप्प उभे राहतात. ही प्रथा १९१९पासूनची. इतर दिवशी म्हातारी माणसे त्याच बाकांवर बसून सँडविच खातात, पोरे खेळतात. बाग वापरात असते, म्हणून नावेही वाचली जातात.

आपल्याकडे असे काही नव्हतेच, असे समजू नका. सातारा, रत्नागिरी, बेळगाव या जिल्ह्यांतल्या कित्येक खेड्यांत चावडीला किंवा शाळेच्या भिंतीला एक लहान संगमरवरी पाटी असते. या गावातून १९१४ ते १९च्या महायुद्धाला इतकी माणसे गेली, त्यातली इतकी मेली, एवढेच इंग्रजांनी त्यावर कोरले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचा आकडा ४६. आकडा आहे, नावे नाहीत. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात शरकत युद्धस्मारक आहे, पण ते लष्कराच्या आवारातले. येता-जाता सहज शिरावे असे नाही.

पत्रादेवीचे स्मारक रस्त्यावरचे आहे, सगळ्यांसाठी उघडे आहे. १५ ऑगस्टला आणि १९ डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनाला इथे पुष्पचक्रे येतात, मंत्री येतात, पोलीस मानवंदना देतात. उरलेल्या दिवसांची जबाबदारी येणाऱ्या-जाणाऱ्यांची. पुष्पचक्राने मान दिला जातो, ओळख मात्र कोणीतरी सांगितल्याशिवाय होत नाही. कर्नैलसिंग मास्तर होता आणि त्याचे नुकतेच लग्न झाले होते, हे ऐकल्यावर नातवाचा चेहरा बदलला, तो "वीसहून अधिक" ऐकून बदलला नव्हता.

पेडणे आणि तेरेखोल

पत्रादेवीहून पेडणे गाव जवळ आहे. भगवतीचे देऊळ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. देवळासमोर दोन भव्य दगडी हत्ती उभे आहेत. आमच्या नातवाला समुद्रापेक्षा तेच आवडले. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके पोर्तुगीजांकडे उशिरा, अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले. त्यांना नव्या काबिजादी म्हणत. म्हणूनच इथे देवळे जागच्या जागी राहिली, घराघरांत मराठी पोथ्या राहिल्या आणि सावंतवाडीशी सोयरीक कधी तुटली नाही.

पेडण्याहून केरीला गेलो. तिथे फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडली, की पलीकडे तेरेखोलचा किल्ला. नकाशात पाहिले तर गंमत वाटते. नदीच्या उत्तरेला सगळा सिंधुदुर्ग आणि त्यात हा एवढासा गोव्याचा तुकडा. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला तो सोडलाच नाही. आत सेंट अँथनीचे चर्च आहे. तटावरून खाली केरीचा लांबलचक किनारा दिसतो.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी, म्हणजे पत्रादेवीच्या गोळीबाराच्या बरोबर एक वर्ष आधी, आल्फ्रेड आफोन्सो या गोमंतकीय तरुणाच्या नेतृत्वाखाली मूठभर सत्याग्रही या किल्ल्यात घुसले आणि त्यांनी तिरंगा चढवला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शिपाई आले, सगळ्यांना पकडले आणि तुरुंगात टाकले. एक दिवस का होईना, पण गोव्याच्या मातीत झेंडा फडकला. पुढच्या वर्षी याच किल्ल्यावर हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर यांना गोळ्या घातल्या गेल्या. दोघेही नि:शस्त्र होते. इथे येणारे बहुतेक जण सूर्यास्त बघायला येतात. सूर्यास्त सुंदरच असतो. तो व्हायला वेळ असतो, तोवर मुलांना ही हकीकत सांगून होते.

सहा वर्षे बंद राहिलेले माहेर

परतताना म्हापशाहून अस्नोड्यावरून डिचोलीला आलो. अस्नोडा हे बाळा मापारी यांचे गाव. ते आझाद गोमंतक दलाचे कार्यकर्ते. पोलीस कोठडीत झालेल्या छळाने १८ फेब्रुवारी १९५५ रोजी ते गेले. गोवा मुक्तिलढ्यातले पहिले हुतात्मा म्हणून त्यांचे नाव घेतात.

डिचोलीला मी जातो ते आत्याच्या घरी. आत्या आता नाही, आतेभाऊ आहे. १९५१ साली माझ्या आजोबांनी तिला डिचोलीला दिली, तेव्हा बेळगावहून डिचोली म्हणजे शेजारचे गाव वाटायचे. पहिले बाळंतपण बेळगावला झाले. पंचमीला, दिवाळीला ती माहेरी यायची.

पत्रादेवीच्या गोळीबारानंतर सगळे थांबले. भारताने १ सप्टेंबर १९५५पासून गोव्यातली आपली वकिलात बंद केली. कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी रेल्वे थांबली. परवान्याशिवाय येणे-जाणे बंद झाले. मोठ्या सामुदायिक सत्याग्रहांनाही दिल्लीने त्यानंतर मना केले. वर्तमानपत्रांत याला आर्थिक नाकेबंदी म्हणत. आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच, की आत्याला माहेर उरले नाही. माझी आजी १९५८ साली वारली. आत्याला कळले ते कितीतरी दिवसांनी, कुणा माणसाकरवी. तेरावा कधीच होऊन गेला होता. आत्याने त्या दिवशी विहिरीवर जाऊन स्नान केले, एवढेच. ती हे सांगायची तेव्हा रडायची नाही. तांदूळ निवडता निवडता सांगायची.

१९६१च्या डिसेंबरची आठवण मात्र ती उठून उभी राहून सांगायची. आपल्या बेळगावात तेव्हा फौजा जमत होत्या. सांबऱ्याच्या धावपट्टीवर विमाने आली होती. १७ डिसेंबरला डिचोली तालुक्यातल्या मावळिंग्यात पहिली चकमक झाली. १८ तारखेला पहाटे पोर्तुगीजांनी माघार घेताना डिचोली, अस्नोडा आणि शापोरा इथले पूल सुरुंग लावून उडवले. "मोठो आवाज जालो, फळीवरची भांडी खाली आली," आत्या म्हणायची. इतकी वर्षे डिचोलीत राहून तिच्या मराठीत कोकणी मिसळली होती. पोर्तुगीजांना ती पाखले म्हणायची. उजाडल्यावर दोडामार्गाच्या बाजूने आपले जवान येताना दिसले. लोक घरातून पाणी, गूळ घेऊन रस्त्यावर उभे राहिले. पुढच्या संध्याकाळी, १९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा याने शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा पोर्तुगालच्या सालाझारचा हुकूम होता. तो त्याने मानला नाही, म्हणून दोन्हीकडची पुष्कळ माणसे वाचली.

तरी या दोन दिवसांत आपले २२ जण गेले आणि पोर्तुगीजांचे ३०च्या आसपास. मेजर सिद्धू आणि कॅप्टन सेहगल हे ७ कॅव्हलरीचे दोन अधिकारी आग्वादच्या किल्ल्यातल्या कैद्यांना सोडवायला जाताना पडले. आग्वादचा तो तुरुंग आता संग्रहालय झाला आहे. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण गेले. तिथेही स्मारक आहे, पण बेट नौदलाच्या ताब्यात असल्याने ते आपल्याला बघता येत नाही.

१९६२च्या संक्रांतीला आत्या बेळगावला आली. दाराशीच थांबली. घरात आजी नाही हे माहीत होते, तरी तिने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, असे माझे वडील सांगत. मी तेव्हा दोन वर्षांचा. मला त्यातले काही आठवत नाही. पण पत्रादेवीला उभा राहिलो, की मला आजी आठवते. सत्याग्रहाशी तिचा काही संबंध नव्हता. वर्तमानपत्र तिला वाचता येत नव्हते. हद्द बंद झाली, की तिची किंमत कुणाकुणाला द्यावी लागते, ते मात्र तिच्यावरून कळते. कर्नैलसिंगच्या बायकोने ती पंजाबात दिली, आजीने बेळगावात, आत्याने डिचोलीत.

आज त्याच हद्दीवरून आपण काच खाली न करता जातो. पेट्रोलचा भाव बदलतो आणि मोबाइलवर स्वागताचा निरोप येतो, तेवढीच तिची खूण. हे असेच असायला हवे. आपल्या मुलांना ती ओलांडताना काहीच वाटू नये, यासाठीच ती माणसे आली होती. फक्त ती आली होती, एवढे मुलांना माहीत असावे.

आतेभावाने आम्हाला मये तलाव दाखवला आणि तिथून नार्व्याला सप्तकोटेश्वराला नेले. हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. त्या राजांची दुसरी राजधानी आपल्या खानापूर तालुक्यातले हलशी. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. २०२३ साली त्याचे पुन्हा नूतनीकरण झाले आहे. कदंबांच्या कन्नड मुलखातून आलेला देव आणि मराठी राजाने बांधलेले देऊळ. सौ.ने तिथे बराच वेळ हात जोडले.

कसे जाल?

बेळगावहून शिनोळी, आंबोलीमार्गे सावंतवाडी, पुढे बांदा आणि पत्रादेवी. सकाळी सहाला निघाल्यास नाश्त्यासाठी थांबूनही दहापर्यंत आरामात पोचता येते. पेडण्यात भगवतीचे दर्शन घ्यावे, केरीला फेरीने तेरेखोल करावे आणि रात्री म्हापशाला मुक्काम ठेवावा. दुसऱ्या दिवशी अस्नोडा, डिचोली, मये, नार्वे पाहून साखळीवरून चोर्ला घाटाने संध्याकाळी घरी. घाटात अंधार पडायच्या आत चढलेले बरे, आणि पावसाळ्यात धुक्याचा अंदाज घेऊनच निघावे.

पत्रादेवीला गाडी रस्त्यावर उभी करू नका, वाहने वेगात असतात. नीट आत, बाजूला लावा. लहान मुलांचा हात धरा. फुले नेलीच पाहिजेत असे नाही, नेली तर बांद्याच्या बाजारात मिळतात. घरातले कोणी वडीलधारे बरोबर असेल, तर त्यांना बोलू द्या. १९५५ आणि १९६१ आठवणारी माणसे आता थोडीच राहिली आहेत, आणि त्यांच्याकडे असलेल्या हकिकती कुठल्याही पाटीवर कोरलेल्या नाहीत. ज्या भाषेत ती सांगतील, त्या भाषेत ऐका.